पाणी, वायर आणि उणे तीस

विनिपेगमध्ये पेट्रोलच्या गाड्यांच्याही तोंडातून वायर लोंबत असते. बंपरच्या वर, जाळीच्या फटीतून बाहेर आलेली काळी वायर आणि टोकाला तीन पिनांचा साधा प्लग. कॅनडात नुकत्याच उतरलेल्या माणसाला वाटतं, काय पुढारलेलं शहर आहे, झाडून सगळ्या गाड्या विजेवर! मग शेजारपाजारचं कोणीतरी समजावतं, की बाबा, गाडी पेट्रोलवरच चालते. वीज लागते ती सकाळी तिने सुरू व्हावं म्हणून. इंजिनात बसवलेला छोटा हीटर आतला कूलंट कोमट करून ठेवतो. त्याला ब्लॉक हीटर म्हणतात. इथल्या इमारतींच्या पार्किंगमध्ये गाडीच्या जागेसमोर खांबावर प्लगपॉइंट असतो आणि जागा भाड्याने घेताना जाणते लोक तो चालू आहे ना, हे आधी बघून घेतात.

ही युक्ती निघाली विनिपेगमधून वाहणाऱ्या रेड नदीच्याच काठी, पण सीमेपलीकडे, अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या ग्रँड फोर्क्स गावात. अँड्र्यू फ्रीमन हे तिथल्या वीज सहकारी संस्थेचे कारभारी. इंजिनाच्या हेडबोल्टच्या जागी बसेल असा हीटर त्यांनी तयार केला आणि १९४९ साली त्याचं पेटंट मिळवलं. वीज विकणाऱ्या माणसाने लोकांना पेट्रोलच्या गाड्याही विजेला जोडायला लावल्या, म्हणजे धंदा कळत होता म्हणायचं!

ज्यांच्यामुळे हा लेख लिहिला जातोय त्या बाई मूळच्या चिपळूणच्या. नाव छापू नका, म्हणाल्या. बरीच वर्षं विनिपेगमध्ये होम केअरच्या नर्स आहेत. मॅनिटोबा प्रांताने ही घरपोच आरोग्यसेवा १९७४ साली सुरू केली. वयस्कर आणि आजारी माणसांना शक्यतो त्यांच्याच घरी राहता यावं, हा त्यामागचा विचार. नर्सने घरोघर जायचं. कोणाला इन्सुलिन टोचायचं, कोणाच्या पायाची जखम धुऊन पट्टी करायची, कोणाच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून ठेवायच्या. गाडी स्वतःची. शाळेच्या बस रद्द होतात, दुकानं उशिरा उघडतात, पण मधुमेह हवामान खात्याचं ऐकत नाही, त्यामुळे बाईंची फेरी चुकत नाही. संध्याकाळी परतायचं ते स्वतःच्या घरी. घर जुनं, लाकडी सांगाड्याचं, खाली तळघर असलेलं. म्हणजे दिवसा गाडीची काळजी आणि रात्री घराची.

“थंडीचं काय हो, कपडे घातले की भागतं,” त्या म्हणतात. “सांभाळावं लागतं ते पाणी. या गावात सगळी भानगड पाण्याची.”

ज्या शहरात जानेवारीचं सरासरी तापमान उणे सोळाच्या आसपास असतं, जिथे २४ डिसेंबर १८७९ रोजी पारा उणे ४७.८ पर्यंत उतरल्याची नोंद आहे, तिथे राहणाऱ्या बाईने थंडी बाजूला सारून पाण्याला दोष द्यावा, हे पहिल्यांदा ऐकताना गंमतच वाटते. पण त्यांच्याबरोबर गाडीत बसलं आणि त्यांच्या घराचं तळघर पाहिलं, की त्यांचं म्हणणं पटायला लागतं.

चिपळूणला मे महिन्यात आगोटीची धांदल असते. कौलं शाकारायची, लाकडं पडवीत रचायची, मीठ-मिरची, सुकी मासळी भरून ठेवायची. एकदा पाऊस लागला की काही करता येत नाही. विनिपेगची आगोट ऑक्टोबरात. पन्हळीतली पानं काढायची, घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायचा, गाडीचे टायर बदलायचे. यातलं सगळ्यात फालतू वाटणारं काम म्हणजे अंगणातल्या नळाचं. आतल्या बाजूने त्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि मग बाहेरचा नळ उघडून पाइपात उरलेलं पाणी काढून टाकायचं. काम पाच मिनिटांचं. ते राहिलं, तर भिंतीतल्या वीतभर पाइपात अडकलेलं पाणी गोठतं, गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं आणि तांब्याचा पाइप उभा चिरतो. कळत मात्र काही नाही, कारण बर्फच भोक बुजवून बसलेला असतो. मे महिन्यात झाडांना पाणी घालायला नळ सोडला, की अंगणाऐवजी तळघरात धार लागते.

आता गाडीचं बघू. पहिल्या मोठ्या थंडीच्या सकाळी बाईंना हमखास फोन येतो तो नव्याने आलेल्या मराठी मुलांपैकी कोणाचा तरी. यंदा नागपूरचा एकजण होता.

“ताई, गाडी नुसतीच टकटक करतेय, सुरूच होत नाही.”

“रात्री प्लग लावला होतास?”

“नाही ना. मोबाइलवर उणे पंधरा दाखवत होतं.”

“ते दुपारचं रे. पहाटेचं बघायचं. आतले दिवे तर चालू राहिले नव्हते ना?”

शेवटचा प्रश्न उगाच नसतो. उणे १८ अंशांना बॅटरीची ताकद निम्म्याच्याही खाली येते आणि त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो. देणारा अशक्त आणि मागणारा हट्टी, अशी अवस्था. म्हणून इथे बॅटरी घेताना लोक ‘कोल्ड क्रँकिंग अँप्स’चा आकडा बघतात, तो बरोबर उणे १८ अंशांनाच मोजलेला असतो. पण बाईंना भीती असते ती उतरलेल्या बॅटरीची. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे पन्नासलाही गोठत नाही. चार्ज उतरला की आत जवळजवळ पाणीच उरतं, आणि ते उणे दहाच्या आसपास गोठतं. डबा फुगतो, कधी तडकतो. अशा बॅटरीला जंपर केबल लावणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. नागपूरच्या मुलाच्या बॅटरीचा डबा सुदैवाने फुगलेला नव्हता. शेजाऱ्याच्या गाडीवरून ती सुरू झाली आणि संध्याकाळी बाईंनी त्याला दुकानात नेऊन बाहेर वापरायचा टायमर घ्यायला लावला. ब्लॉक हीटर रात्रभर चालू ठेवणं म्हणजे निव्वळ बिल वाढवणं. निघायच्या आधी तीन-चार तास पुरतात. पहाटे तीनला टायमर आपोआप चालू होतो, आपण पांघरुणात असतो.

ऑइलही बघून घ्यायचं. डब्यावर डब्ल्यूच्या आधी शून्य असलेलं ऑइल उणे पस्तीसलाही वाहतं राहावं म्हणून तपासलेलं असतं. टायरमधली हवा दर पाच-सहा अंशांना साधारण एका पॉइंटने उतरते, म्हणजे कोमट गॅरेजमध्ये भरलेली हवा उणे तीसच्या रस्त्यावर आठ-नऊ पॉइंटांनी कमी. रात्रभर उभ्या गाडीचे टायर जमिनीला टेकलेल्या बाजूने चपटे होऊन तसेच कडक होतात आणि सकाळी पहिली काही मिनिटं गाडी ठक-ठक उड्या मारत जाते. नवखे लोक पंक्चर समजून उतरतात.

बाईंची कामाची बॅग मात्र गाडीत कधीच राहत नाही. सलाइनच्या बाटल्या गोठतात, आणि इन्सुलिन एकदा गोठलं की वितळवूनही उपयोगाचं राहत नाही, फेकूनच द्यावं लागतं. मग प्रत्येक घरी बॅग आत न्यायची. दारात बूट काढायचे, आतले बूट घालायचे आणि चष्म्यावर धरलेली वाफ जाईपर्यंत आंधळ्यासारखं पायपुसण्यावर उभं राहायचं. तोवर आतून आवाज येतो, प्लग लावलास का म्हणून. विनिपेगच्या नॉर्थ एंड भागात युक्रेनी वंशाची बरीच जुनी कुटुंबं आहेत. तिथल्या एका आजोबांच्या दारात बाईंची यायची वेळ झाली, की एक्स्टेंशनची नारिंगी वायर बर्फावर काढून ठेवलेली असते. जखमेची पट्टी व्हायला पाऊण तास लागतो. तेवढ्यात इंजिन थंड पडू नये, ही आजोबांची काळजी. वायर नारिंगीच का, तर बर्फात दिसावी आणि फावड्याखाली येऊ नये म्हणून. ती थंडीत न ताठरणाऱ्या रबराची घ्यावी लागते. साधी वायर वाकवली की वरचं आवरण तडकतं.

रस्त्यावरचा धोका पाहुण्यांना ओळखता येत नाही, कारण तो बर्फाच्या ढिगात नसतो. थंडीतला कोरडा बर्फ पिठासारखा भुरभुरीत पडतो, केरसुणीनेही झाडता येतो आणि त्यावर हिवाळी टायर बऱ्यापैकी पकड धरतात. घसरायला होतं ते चौकात, जिथे काळा स्वच्छ डांबरी रस्ता दिसतोय असं वाटतं तिथे. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. एरवी ते वाफ होऊन उडून जातं. उणे तीसला सिग्नलला उभ्या असलेल्या गाड्यांच्या सायलेन्सरमधून निघालेली वाफ तिथेच रस्त्यावर बसते आणि गोठते. वरून सुटणाऱ्या गाड्यांची चाकं गरगरून तिला काचेसारखी चकाकी आणतात. म्हणजे ब्रेक लावायची जागा तीच सगळ्यात निसरडी. मीठ टाकावं, तर साधं मीठ उणे दहा-बाराच्या खाली फारसं काम करत नाही, म्हणून इथे रस्त्यावर वाळू टाकतात. बाई सिग्नलच्या बरंच आधी पाय उचलतात आणि ब्रेक चौकात नाही, चौकाच्या अलीकडे लावतात. एबीएस पायाखाली थरथरलं तरी पाय काढायचा नाही, हेही नव्या मुलांना त्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेऊन करून दाखवतात. या बाबतीत त्या कोणाचंही ऐकून घेत नाहीत.

हिवाळी टायर घ्यावेत की बारमाही टायरवर भागवावं, हा इथल्या मराठी मंडळींच्या जेवणावळीतला ठरलेला वाद. क्यूबेक प्रांताने २००८ सालापासून ते सक्तीचे केले. मॅनिटोबात सक्ती नाही, पण सरकारी वाहनविमा कंपनीने २०१४ मध्ये टायरसाठी कमी व्याजाचं कर्ज सुरू केलं. साध्या टायरचं रबर सात अंशांच्या खाली कडक होऊ लागतं. उणे तीसला ते रबर कमी आणि प्लास्टिक जास्त. यावर वाद तो काय घालायचा, हे प्रस्तुत लेखकाला कळलेलं नाही. पण चार टायरांची किंमत आणि ते उन्हाळ्यात ठेवायला लागणारी जागा, या दोन गोष्टींपुढे भलेभले शास्त्र विसरतात.

वाऱ्याबद्दलही गैरसमज पुष्कळ. ‘उणे चाळीसचा विंड चिल’ ऐकून लोक गाडीची काळजी करायला लागतात. विंड चिलची कल्पना पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी अंटार्क्टिकात केलेल्या प्रयोगांतून आली. प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगायचं आणि गोठायला किती वेळ लागतो ते बघायचं. इथेही पाणीच! कॅनडा आणि अमेरिकेने २००१ मध्ये त्याचं सूत्र नव्याने बांधलं. तो आकडा उघड्या कातडीसाठी आहे. हवेचं तापमान उणे अठ्ठावीस असेल, तर वारा कितीही सुटला तरी इंजिन उणे अठ्ठावीसच्या खाली जाणार नाही, फक्त तिथवर लवकर पोहोचेल. माणसाचं तसं नाही. विंड चिल उणे चाळीसच्या खाली गेला, की उघडं नाक पाच-दहा मिनिटांत हिमदंशाने पांढरं पडू शकतं. म्हणून बाईंच्या गाडीत मागच्या सीटखाली पेटी असते. तिच्यात जाडजूड पांघरूण, फावडं, वाळूची पिशवी, आगपेटी आणि पत्र्याच्या डब्यात बसवलेली जाड मेणबत्ती. शहराबाहेर पेरिमीटर हायवेवर वाऱ्याने बर्फ जमिनीलगत वाहायला लागला, की बोनेटच्या पुढचं दिसेनासं होतं. अडकलंच, तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. तासातून दहाएक मिनिटं इंजिन चालवायचं, त्याआधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ उकरायचा आणि काच बोटभर उघडी ठेवायची. नाहीतर थंडीने नाही, कार्बन मोनॉक्साइडने माणूस जातो.

घरात पाऊल टाकलं, की पाणी निराळं रूप घेतं. मराठी स्वयंपाक म्हणजे वाफ. कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, चहाचं आधण. चिपळूणच्या घरात ही वाफ कौलांतून कुठे जाते, याचा विचार कोणी करत नाही. विनिपेगचं घर डबाबंद. बाहेर उणे तीस असताना आतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपासच ठेवावी लागते, नाहीतर वाफ थंड काचेवर जाऊन बसते. आधी काच घामेजते, मग खालच्या कडेला बर्फाची पट्टी धरते, मग लाकडी चौकट काळी पडून बुरशी येते. सकाळी कुकर लावला की बाई एक्झॉस्ट फॅन लावतात, आंघोळ झाली की बाथरूमचा फॅन अर्धा तास चालू ठेवतात, आणि ओले कपडे घरात वाळत घालू देत नाहीत. वीस टक्क्यांना ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, लोकरीचा स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. ते चालवून घ्यायचं. घर आधी, नाक नंतर.

काचेवरची वाफ निदान दिसते. छताच्या फटींतून, दिव्यांच्या भोकांतून माळ्यावर शिरलेली वाफ तिथे छताच्या फळ्यांना पांढऱ्या दहिवरासारखी चिकटते आणि महिनोन्‌महिने साठत राहते. मार्चमधल्या एखाद्या उबदार दुपारी ती एकदम वितळते आणि आभाळ निरभ्र असताना दिवाणखान्याचं छत गळायला लागतं. विम्याची माणसं, छप्परवाले येऊन कौलपट्ट्या तपासतात, काहीच सापडत नाही. खरा इलाज छपरावर नसून खाली असतो. फटी बुजवायच्या आणि माळ्यावर फूट-सव्वा फूट जाडीचं इन्सुलेशन पसरायचं. फटींतून ऊब वर गेली, तर आणखी एक दुखणं: छपरावरचा बर्फ खालून वितळतो, वळचणीपाशी आल्यावर पुन्हा गोठतो, त्याचा बांध होतो आणि मागे साचलेलं पाणी छपराच्या पट्ट्यांखाली शिरतं. रस्त्यावरून ज्या गोठलेल्या पागोळ्यांचे फोटो पर्यटक काढतात, त्या घरमालकाच्या डोळ्यांना बिलासारख्या दिसतात.

नव्या पद्धतीची काटकसरी फर्नेस धुरातली ऊब इतकी शोषून घेते, की धुरातली वाफ आतच पाणी होऊन गळते आणि उरलेला ओलसर, कोमट वायू भिंतीतून काढलेल्या प्लास्टिकच्या नळीने बाहेर जातो. कडाक्याच्या थंडीत त्या नळीच्या तोंडाशी बर्फ धरतो. हवा आत घेणारी नळी शेजारीच. दोन्हींपैकी एक जरी बुजली तरी फर्नेस सुरक्षिततेसाठी बंद होते, आणि ती बंद होते शक्यतो पहाटे. म्हणून झोपण्यापूर्वी घराच्या बाजूला टॉर्च घेऊन जायचं आणि नळ्यांची तोंडं बघून यायची, हा बाईंचा नेम. त्यांच्या यजमानांना हे अति वाटतं. फर्नेस एकदा बंद पडून तळघर गारठलं तेव्हापासून ते बोलत नाहीत, टॉर्चचे सेल तेच बदलतात.

आणि मग २०१४. त्या हिवाळ्याची गोष्ट विनिपेगमध्ये अजून निघते. २०१३ च्या ३१ डिसेंबरला इथल्या मॅनिटोबा म्युझियमने जाहीर केलं, की मंगळावरचा रोव्हर कळवतोय त्यापेक्षा आज विनिपेग थंड आहे. लोकांना त्याची मोठी मौज वाटली, जगभर बातमी गेली. मौज फेब्रुवारीत ओसरली. जमीन सात-आठ फूट खोल गोठली आणि रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीपासून घरात येणारे पाइप गोठायला लागले. यातली न पटणारी गोष्ट म्हणजे हवा उबदार झाल्यावरही पाइप गोठतच राहिले. मातीत थंडी सावकाश खाली उतरते. वर वसंत आला तरी खाली जानेवारी पोहोचत असतो. शेजाऱ्यांच्या घरातून बागेच्या नळीने पाणी घेऊन लोकांनी आठवडे काढले. महापालिकेने हजारो घरांना कळवलं, की एक नळ पेन्सिलीएवढ्या धारेने दिवसरात्र सोडून ठेवा. जादा पाण्याचे पैसे लागणार नाहीत. वाहतं पाणी गोठत नाही, एवढाच त्यातला हिशेब. बाईंच्या घरीही तो नळ वाहत होता. ज्या बाईने माहेरी एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहिलेली, तिच्याच मोरीत पिण्याचं पाणी रात्रंदिवस वाहून जात होतं. पहिले काही दिवस त्या धारेखाली बादली लावत होत्या, भरली की भांडी, फरशी, कपडे. शेवटी बादल्या संपल्या, कामं संपली, धार संपेना.

एप्रिलमध्ये वायर बोनेटखाली गुंडाळली जाते, रस्त्यावरची हिवाळाभराची वाळू झाडणाऱ्या गाड्या फिरायला लागतात आणि शहरभर धूळ उडते. बाईंचं लक्ष मात्र तळघराच्या कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे जातं. रेड नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. त्यामुळे वरच्या अंगाला, अमेरिकेत, बर्फ आधी वितळतो आणि ते पाणी खाली येतं तेव्हा खालची नदी अजून गोठलेलीच असते. १९५० च्या पुरात शहर बुडालं, म्हणून डफ रॉब्लिन या प्रीमियरने शहराला वळसा घालणारा कालवा खणायला घेतला. तो १९६८ मध्ये पूर्ण झाला. त्या काळी लोकांनी पैशाची उधळपट्टी म्हणून त्याची ‘डफचा चर’ अशी टिंगल केली. १९९७ च्या महापुरात त्याच चराने विनिपेग वाचवलं. बाईंचं माहेरचं घर २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडालं होतं. नदीकाठच्या गावात पाणी किती वेळात चढतं, हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही.

खड्ड्यात संप पंप बसवलेला असतो. घराच्या पायाभोवती मुरलेलं पाणी तिथे जमतं आणि पंप ते बाहेर फेकतो. पण बाहेर जाणाऱ्या नळीचं तोंड अजून बर्फाने बुजलेलं असलं, तर पंप आतल्या आत फिरत राहतो आणि जळतो. आधी नळी सोडवायची, मग वरून बादलीभर पाणी ओतून तरंगता गोळा वर येतो का, मोटर धरते का, हे बघायचं. या वर्षी मोटरने धरलं, पण आवाज बदलला होता. बाईंनी यजमानांना पायऱ्यांवरूनच हाक मारली, नवा पंप आजच आणायला हवा. रविवारी पाऊस सांगितलाय आणि दुकानात सगळे एकाच दिवशी जातात.